काचेची नळी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींची गावपातळीवरची पोस्टिंग अंदर मावळात होती. भातलावणी जोरात होती, त्यामुळे घरभेटीला गेलं की घराला कडी आणि सगळी माणसं खाचरात. मुलींना बांधावर उभं करून, इरलं पांघरलेल्या बायकांशी आवण लावता लावताच बोलायला शिकवत होते. त्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी मला शोधत तिथवर आली. दोन वर्षांपूर्वी जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली, सध्या लोणावळ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये स्टाफ नर्स. रात्रपाळी करून थेट कामशेतला उतरली होती आणि तिथून जीपने आली होती. डोळे तांबारलेले.

“मॅडम, पोस्ट बेसिक करायचंय. कुठलं कॉलेज धरू?” असं म्हणत तिने वहीतून फाडलेला कागद पुढे केला. उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले होते. पहिल्यात एकूण फी, दुसऱ्यात घरापासूनचं अंतर, तिसऱ्यात ‘किती दिवस जायचं’. चार कॉलेजं लिहिली होती. एका कॉलेजची फी सगळ्यांत कमी होती आणि तिसऱ्या रकान्यात त्याच्यापुढे दोनच शब्द होते: ‘फक्त परीक्षेला’.

तो कागद मी बराच वेळ हातात धरून उभी होते, कारण तसाच कागद 2016 साली मी केला होता. माझा कालनिर्णयच्या मागच्या पानावर होता, दुधाच्या हिशेबाखाली.

मी बारावी कला शाखेची. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, त्यामुळे ते दार बंद. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. तेव्हा तो अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता, पुढे तीनचा झाला. तो करून मी तळेगावातल्या एका खासगी दवाखान्यात लागले. पगार वाढत वाढत 12 हजारांवर आला आणि तिथेच थांबला. शिकवण्याची मला पहिल्यापासून ओढ. वॉर्डात नवी मुलगी आली की तिला हाताशी धरून ट्रे कसा लावायचा ते दाखवण्यात माझा जीव रमायचा. पण नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर व्हायचं तर पदवी हवी, आणि एमएस्सीचा विचार करायचा तरी आधी पदवीच हवी. जीएनएम झालेल्या नर्सला पदवीकडे नेणारा जवळचा रस्ता एकच, पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. दोन वर्षांचा, पूर्णवेळ. बारावीनंतर थेट गेलेल्यांना चार वर्षं लागतात. आपण आधी झिजवलेली वर्षं इथे जमेस धरली जातात.

अमेरिकेत दुसऱ्याच शाखेचा पदवीधर 12 ते 18 महिन्यांत नर्सिंगची पदवी घेतो, असा वेगवान अभ्यासक्रम तिथे आहे. आपल्याकडे बीकॉम झालेल्या मुलीला नर्स व्हायचं तर पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून आपल्या भागात ‘लवकर होणारं’ म्हणजे पोस्ट बेसिकच, आणि त्याच्याभोवती एक मोठा बाजार उभा आहे.

त्या बाजारातला एक फोन मला आला. दुसऱ्या राज्यातलं कॉलेज, एकूण 1 लाख 10 हजार, हप्त्याने. “मॅडम, तुमची ड्युटी चालू ठेवा, पगार चालू ठेवा. हजेरीचं आम्ही बघतो. वर्षातून एकदा परीक्षेला या.” बोलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने माझी मुलगी कितवीत आहे तेही विचारलं आणि म्हणाला, “मग तर तुम्हाला हेच बरं.” मुलगी तेव्हा दुसरीत होती. नवरा उर्सेच्या कारखान्यात तीन पाळ्यांत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. मला ते खरंच बरं वाटलं. मी होकार दिला नव्हता, पण मनातून दिल्यातच जमा होता.

कालनिर्णयवरचा हिशेब असा होता. पुण्यातल्या कॉलेजची फी वर्षाला 70 हजार, म्हणजे दोन वर्षांचे 1 लाख 40 हजार. वर नोकरी सोडायची, म्हणजे 24 महिन्यांचे 2 लाख 88 हजार पगाराचे गेले. एकूण 4 लाख 28 हजार. सुट्टीच्या आदल्या रात्री आणि सणावारी कुठे रात्रपाळी मिळाली, महिन्याला सहा, रात्रीचे 500, तर दोन वर्षांत 72 हजार परत येतील. तरी 3 लाख 56 हजार उरतात. समोर 1 लाख 10 हजार. फरक 2 लाख 46 हजारांचा. मुली नेहमी फीचे आकडे शेजारी शेजारी मांडतात. फी हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग बुडालेल्या पगाराचा, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. मी तो मांडला होता, आणि मांडल्यामुळेच माझं मन त्या फोनवाल्याकडे झुकलं होतं.

त्याच वर्षी जुलैत एका रात्री पवन मावळातल्या एका शेतकऱ्याला पिकअपमधून आणलं. दुपारपासून चिखलणी चालू होती, काळोख पडता पडता बांधावर पाय टाकला आणि काहीतरी चावलं. साप कुणी नीट पाहिला नव्हता. पोटरीला सुतळी करकचून बांधलेली, घोट्याजवळ दोन बारीक खुणा, थोडी सूज. सोबतचे म्हणत होते, घोणसच. डॉक्टर घरून निघाले होते. तोवर रक्त घेऊन ठेवा म्हणाले.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं. ते कळायला मोठं यंत्र लागत नाही. शिरेतून दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, परीक्षानळीत सोडायचं, 20 मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं आणि मग एकदाच तिरपं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय.

त्या रात्री माझ्या जोडीला नवी सिस्टर होती. माझ्यापेक्षा वयाने लहान, पदवीधर, पगार माझ्याहून जास्त. स्वभावाने इतकी गोड की पेशंटच्या नातेवाइकांना तीच हवी असायची. तिने तत्परतेने रक्त घेतलं, हाताशी असलेल्या प्लास्टिकच्या नळीत भरलं आणि वेळ टिपली. मी सुतळीकडे आणि नाडीकडे लागले होते. 20 मिनिटांनी तिने नळी तिरपी केली. रक्त वाहिलं. डॉक्टर नुकतेच आत येत होते, तिने सांगितलं, “सर, गोठलं नाही.” अँटिव्हेनमच्या कुप्या बाहेर निघाल्या.

तेव्हा माझी नजर नळीवर गेली. मी म्हटलं, “सर, ही प्लास्टिकची आहे. काचेत परत करू दे.” काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही तेवढ्या वेळात पातळ राहू शकतं. काचेची नळी साबणाने धुतलेली असली तरी तोच घोटाळा. आणि अँटिव्हेनम हे काही सलाईन नव्हे. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते औषध एखाद्याला असं उलटतं की शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवावं लागतं. गरज असेल तिथे ते जीव वाचवतं, नसेल तिथे जीवावर बेततं. मी कोरडी, नवी काचेची नळी काढली, रक्त घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. 20 मिनिटं कुणीच बोललं नाही. पेशंटची बायको नळीकडे बघत होती; त्यात काय ठरणार आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. नळी तिरपी केली. रक्त जागचं हललं नाही, घट्ट जमलं होतं. ती तपासणी आम्ही पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा केली, दर वेळी काचेत. सूज वर चढली नाही. दुसऱ्या रात्रीपर्यंत नजरेखाली ठेवून त्याला घरी सोडलं.

सकाळी चहा घेताना ती सिस्टर माझ्याजवळ आली. खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ताई, मला हे कुणी दाखवलंच नव्हतं.” मग तिने सांगितलं की तिची पदवी परीक्षेला जाऊन आलेली पदवी आहे. कॉलेज तिने तीन वेळा पाहिलं होतं. घरची अडचण होती, लग्न ठरत होतं, पैसे कमी होते. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी महिन्याभरात मी असणार होते.

मला ते कुणी दाखवलं होतं? जीएनएमच्या दुसऱ्या वर्षी ग्रामीण रुग्णालयाच्या पोस्टिंगला एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी शिकवलेलं वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं: “काच, कोरडी, आणि हात लावायचा नाही.” त्यांनी ते फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. रात्री दोन वाजता, पेशंट समोर असताना, माझ्या हातातली नळी काढून घेऊन सांगितलं होतं. मी त्या रात्री तिथे होते म्हणून ते मला मिळालं. नसते, तर कुठल्याच पुस्तकाने ते तशा तऱ्हेने माझ्या हातात बसवलं नसतं. नियमही हेच सांगतो. पोस्ट बेसिकच्या परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरलेली असावी लागते. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणारा माणूस तेच तास आपल्याकडून विकत घेत असतो, जे पुढे कुणाच्या तरी खाटेशेजारी कमी पडणार असतात.

मी त्या फोनवाल्याला ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजं बघायला निघाले. ऑफिसात न जाता आधी कॉलेजच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं असं ठरवलं होतं. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. एका ठिकाणी खाटा मोजून शंभराच्या वर होत्या, चादरी पांढऱ्याशुभ्र, एकाही चादरीला सुरकुती नाही. ओपीडीच्या बाकावर सकाळी अकरा वाजता एक आजोबा. तिथली मावशी झाडू बाजूला ठेवून मला म्हणाली, “पाहणीला येतात तेव्हा भरतं.” मी तिचे आभार मानले आणि खाली उतरले. दुसऱ्या ठिकाणी फी थोडी कमी होती, पण बॉण्ड होता: शिकून झाल्यावर त्यांच्याच रुग्णालयात ठराविक वर्षं, त्यांनी ठरवलेल्या पगारावर, आणि तोवर मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. स्वस्त फीमागे असं काही असेल तर ते आधी लेखी मागावं. मूळ कागद एकदा दुसऱ्याच्या कपाटात गेले की आपण बोलायला कचरतो, हे माझ्या दोन मैत्रिणींनी भोगलंय.

शेवटी पुण्यातलं ते 70 हजारांचं कॉलेज निवडलं. त्यांच्या वॉर्डात दोन खाटांमध्ये तिसरी घातलेली होती आणि विद्यार्थिनी धावत होत्या. दुसरं कारण लोहमार्ग. शिवाजीनगरपासून चालत जाता येईल असं ते होतं.

सोयीला मी नावं ठेवत नाही. जवळ असणं, झोप मिळणं, घरी ताप आलेल्या मुलीपाशी तासाभरात पोचता येणं, या सोयींसाठी मी जास्त पैसे मोजले आणि पुन्हा मोजेन. मावळातल्या माणसाचं सगळं लोणावळा लोकलवर ठरतं. कामशेतहून पहाटेची लोकल पकडायची. देहूरोडनंतर उभं राहायलाही जागा नसते. संध्याकाळी परत. मधल्या वेळात गाड्यांची मोठी फट असायची, म्हणजे कॉलेज दुपारी लवकर सुटलं तरी घर लवकर यायचं नाही. तो वेळ मी फलाटावरच्या बाकावर अभ्यासाला लावला. सूक्ष्मजीवशास्त्राची अर्धी उजळणी शिवाजीनगर स्टेशनवर झाली. पावसाळ्यात गाडी कान्ह्याला थांबून राहिली की पुढच्या डब्यातल्या दूधवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे घड्याळ बघायचे. मुलीच्या वेण्या त्या दोन वर्षांत मी रविवारीच घातल्या. बाकीचे दिवस सासूबाई घालत. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून त्या पायरीवर बसून मुलीला खालच्या पायरीवर बसवत. मी एकदा म्हटलं, “आई, तुम्हाला फार त्रास होतोय.” तर म्हणाल्या, “तू तुझं बघ. दोन वरसं म्हंजे दोन पावसाळे.” माझ्या हिशेबाच्या कागदावर त्यांचे तास कुठेच धरलेले नव्हते. ते धरले असते तर माझं जाणंच झालं नसतं, इतके ते होते.

त्याच लोकलमध्ये वाचताना रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाची माहिती मिळाली. पुण्यात 1909 साली संस्था निघाली आणि थोड्याच वर्षांत तिथल्या बायका, त्यांत कितीतरी तरुण विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यांच्यासाठी संस्थेने वसतिगृह चालवलं. रुग्णालयात जाऊन शिकायचं हे ठरलेलंच होतं. मग राहायचं कुठे, खायचं काय, लोक काय म्हणतील, ही अडचण संस्थेने आपल्या अंगावर घेतली. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे उलट चाललंय, राहण्या-जाण्याची अडचण आहे म्हणून रुग्णालयच वगळून टाकायचं. हे वाचलं त्या दिवशी मी तळेगावला उतरायच्या ऐवजी खिडकीशी बसून राहिले आणि रात्रपाळीला उशिरा पोचले.

पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षात मानसिक आरोग्याची पोस्टिंग असते. आम्ही येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जात होतो. तिथे माझ्याकडे एक बाई दिली होती, पन्नाशीची, कुणाशीच न बोलणारी. मी रोज तिच्या केसांना तेल लावायचे, विंचरायचे, दिवसाची नोंद लिहायचे. तीन दिवस ती भिंतीकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी मी कंगवा बाजूला ठेवला तशी ती माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, “जा बाई, गाडी चुकंल तुझी.” मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघते हे तिने तीन दिवस पाहिलं होतं. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि त्यानंतर कुठल्याही पेशंटजवळ बसताना मनगट झाकून बसते. आज विद्यार्थिनींना संवादकौशल्य शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी घड्याळं काढायला लावते. त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही, पण हा धडा तिचा आहे.

माझाच रस्ता सगळ्यांचा असावा असं मी म्हणत नाही. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण सरकारी सेवेत होती. तिने इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक केला. तो नोकरीतल्या नर्ससाठीच आखलेला आहे, प्रवेशपरीक्षा असते, निदान तीन वर्षं लागतात, आणि प्रात्यक्षिकांसाठी नेमून दिलेल्या केंद्रावर जावंच लागतं. केंद्रं मोजकी, त्यामुळे तिची सगळी अर्जित रजा त्यात संपली. पण पगार चालू राहिला आणि तास बुडाले नाहीत. दूरशिक्षण आणि गैरहजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलींना कुणी सांगत नाही, आणि फोन करणारे लोक ते मुद्दाम एकत्र कालवतात.

बांधावर उभं राहून मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं, पावसात ओरडून बोलावं लागत होतं. तिची धाकटी बहीण बारावी विज्ञानाला आहे असं तिने सांगितलं, तेव्हा म्हटलं, तिला थेट बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीला बसव. 2024-25 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. वसतिगृह आणि मेस आपल्यालाच भरावी लागते. तिने ते हातावर लिहून घेतलं, कारण कागद भिजला होता.

मग तिने स्वतःचं सांगितलं. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. घरात पगार तिचाच. माझ्यासारखे 24 महिने बिनपगारी तिला काढता येणार नाहीत, एक महिनाही नाही. मी पुढे काय बोलणार होते ते तोंडातच राहिलं. माझ्या घरी उर्सेचा पगार होता आणि वेण्या घालायला सासूबाई होत्या. त्या जोरावर मी फोनवाल्याला नाही म्हणू शकले होते. आम्ही दोघी एका गोठ्याच्या वळचणीला गेलो आणि इग्नूचा हिशेब मांडला. आधी नोकरीची दोन वर्षं पुरी व्हायला हवीत; तिची चार महिन्यांत होतात. रजा किती, बदली ड्युटी कोण करेल, डायलिसिसचे वार कोणते. केंद्र लांबचं मिळालं तर काय, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ‘फक्त परीक्षेला’वाल्या कॉलेजवर तिने स्वतःच काट मारली. मी मारायला सांगितलं नव्हतं.

निघताना मी विचारलं, “तुमच्या नर्सिंग होमला सापाची केस आली तर रक्त कशात घेता?”

ती थोडी थांबली. “आमच्याकडे प्लास्टिकच्याच आहेत, मॅडम.”

विद्यार्थिनींना दाखवायला माझ्या पिशवीत चार काचेच्या नळ्या असतात, माझ्या स्वतःच्या. दोन काढल्या, कोरड्या कापसात गुंडाळल्या आणि तिच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. झाकण तिने दोनदा दाबून पाहिलं. तेवढ्यात कामशेतची जीप आली.